लोणच्याची बरणी आणि तुसाची राख



झोडणी आटोपते, भात गिरणीवर भरडून घरात येते, आणि गिरणीच्या मागे तुसाचा ढीग पडून राहतो. कुणी तो चुलीत घालतो, कुणी वीटभट्टीवाल्याला देतो, कुणी पेटवून मोकळा होतो. चारसूत्री भात लागवडीत डॉ. ना. कृ. सावंत यांनी याच तुसाच्या राखेला पहिल्या सूत्रात जागा दिली. रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख मिसळली की रोपाला सिलिका मिळते आणि रोप ताठ, कणखर होते. हे मी गेली पंचवीस वर्षे गावोगावी सांगत आलो आहे. पण ज्या सिलिकाने भाताची काडी ताठ होते, तिचीच काच होते आणि तिचीच मातीच्या भांड्यावर झिलई चढते, हे मला माझ्या धाकट्या मुलीने शिकवले. ते शिकताना आमच्या घरात एक चूकही झाली. ती चूक तुमच्या घरी होऊ नये, म्हणून हा लेख.

आमचे घर बदलापूरच्या कडेला आहे. मुलीने चाकावरचे काम शिकून घेतले आणि मागल्या पडवीत विजेची एक लहान भट्टी बसवली. या पट्ट्यात आता हे नवल राहिलेले नाही. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर येथे कुणी शिवण, कुणी पापड, कुणी मेणबत्त्या करून घराला हातभार लावतात, तसे काही जण मातीचे कप आणि बरण्या करू लागले आहेत. आमच्या मुलीने पहिल्या वर्षी सहा बरण्या केल्या. पांढऱ्या झिलईवर तांब्याची हिरवी झिलई असे दोन थर दिले होते. जिथे थर एकमेकांत उतरले होते, तिथे पाचूसारख्या धारा आल्या होत्या. पाहणारा हरखून जाई. कैरीच्या दिवसांत आम्ही त्या मोठ्या हौसेने नातेवाइकांत वाटल्या.

दोन महिन्यांनी मी मुरबाडला बहिणीकडे गेलो. ताईने जेवायला बसवले आणि बरणीतून लोणचे काढले. बरणी रिकामी होत आली होती. आत पाहिले, तर खाराची पातळी जिथवर होती तिथवरची हिरवी झिलई निस्तेज, खरखरीत झाली होती. वरची मात्र चकचकीत होती. खत देताना राहून गेलेला पट्टा जसा उभ्या शेतात ओळखू येतो, तशी ती रेघ स्पष्ट होती. आंबट खाराने झिलईतले तांबे ओढून घेतले होते, आणि ते गेले कुठे? लोणच्यात.

घरी येऊन मी मुलीला एकच प्रश्न विचारला, ‘‘या झिलईची चाचणी घेतली होतीस का?’’ ती म्हणाली, ‘‘घेतली होती बाबा. तुकड्यावर रंग छान आला होता.’’ रंगाची चाचणी झाली होती, आंबटाची नव्हती. त्या रात्री आम्ही उरलेल्या तुकड्यावर अर्धे लिंबू पालथे घालून ठेवले. सकाळी त्या जागी फिकट गोल उमटला होता.

मग सहाही घरी जाऊन बरण्या परत आणल्या आणि लोणचे खड्ड्यात पुरले. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वर्षाचे लोणचे गेले म्हणजे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. कुणाला अपाय झाला नाही, हे आमचे भाग्य. भाग्यावर मात्र धंदा चालत नाही.

झिलई म्हणजे काय?

झिलई म्हणजे भांड्याच्या अंगावर वितळवून बसवलेली काच. तिला तीन गोष्टी लागतात. पहिली सिलिका; ती काच होते. दुसरी द्रावक, म्हणजे चुना, पोटॅश, सोडा, टाकणखार असे पदार्थ. सिलिका एकटी १७०० अंशांच्या आसपास वितळते आणि एवढी आच घरच्या भट्टीत मिळत नाही. द्रावकामुळे ती १२०० ते १३०० अंशांतच वितळते. तिसरी ॲल्युमिना, ती चिनी मातीतून येते आणि वितळलेली काच भांड्यावरून वाहून जाऊ देत नाही.

आता आपल्या घराकडे पाहा. १०० किलो भातातून साधारण २० किलो तूस निघते आणि ते पूर्ण जाळले तर सुमारे ४ किलो राख उरते. त्या राखेत दर शंभर भागांत नव्वदच्या आसपास सिलिका असते. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, म्हणजे बसाल्टची, झिजून झालेली माती लोहाने भरलेली असते; तो दगड ११०० ते १२५० अंशांच्या दरम्यान वितळतो. म्हणूनच आपल्या काळ्या मातीचे भांडे जास्त आचेला बसकण मारते. पण तीच माती गाळून, पातळ करून लेप दिला, तर तपकिरी ते काळी झिलई होऊ शकते.

जपानमध्ये भाताच्या तुसाच्या राखेची दुधाळ झिलई पिढ्यान्‌पिढ्या करतात. माशिको गावचे थोर कुंभार शोजी हामादा ती वापरीत. आपल्या देशात दिल्लीचे सरदार गुरचरण सिंग जपानहून ही विद्या शिकून आले. पुदुच्चेरीत १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी उभी केली आणि तिथून अनेक भारतीय कुंभार तयार झाले. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकातच झिलईच्या भांड्यांचे काम झाले होते. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने खेड्यातल्या कुंभाराला ही विद्या दिली. तेव्हा हे काम शहरी हौशींचेच आहे, असे समजू नका.

थरांची चाचणी : प्रात्यक्षिक प्लॉटासारखी

दोन झिलया एकावर एक दिल्या की त्यांची बेरीज होत नाही, तिसरीच वस्तू तयार होते. एकीतले द्रावक दुसरीतल्या सिलिकाला भेटते आणि दोन्ही मिळून एकेकटीपेक्षा कमी आचेला वितळू शकतात. त्यातूनच त्या सुंदर धारा येतात. आणि त्यातूनच झिलई ओघळून भांडे भट्टीच्या फरशीला कायमचे चिकटते. आमच्या पहिल्या वर्षी तीन कप असेच छिन्नीने फोडून काढावे लागले.

यावर मी मुलीला आमच्या खात्याची जुनी रीत सांगितली. नवे बियाणे आपण सगळ्या शेतात पेरतो का? नाही. आधी लहान प्लॉट, शेजारी नेहमीच्या वाणाचा प्लॉट, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. झिलईलाही हेच लागू.

१. ज्या मातीचे भांडे करणार, त्याच मातीच्या ३ सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर उंच पट्ट्या करा. खालचे टोक काटकोनात वळवा, म्हणजे पट्टी उभी राहील. आडव्या पट्टीवर झिलई किती ओघळते ते कधीच कळत नाही.

२. पट्ट्या एकदा कोऱ्या भाजून घ्या. पाठीवर गेरूच्या पाण्याने क्रमांक घाला. गेरूत लोह असते, त्यामुळे क्रमांक भट्टीतही टिकतो.

३. तीन झिलया घ्या. त्यांना अ, ब, क म्हणा. अ वर अ, अ वर ब, अ वर क, मग ब वर अ, असे करत गेले की नऊ जोड्या होतात. अ वर ब आणि ब वर अ यांना एक समजू नका. खाली कोण, वर कोण, यावर सारा फरक पडतो.

४. पहिला थर पूर्ण पट्टीला, खालचा एक सेंटिमीटर सोडून. दुसरा थर फक्त वरच्या अर्ध्या भागाला. म्हणजे एकाच पट्टीवर एकेरी आणि दुहेरी दोन्ही शेजारी दिसतात.

५. प्रत्येक जोडीच्या तीन पट्ट्या करा आणि भट्टीत वर, मध्ये, खाली अशा ठेवा. भट्टीत सगळीकडे आच सारखी नसते, जसा बांधाकडेचा आणि मधला ओलावा सारखा नसतो. नऊ जोड्यांच्या सत्तावीस पट्ट्या होतील. त्या एका लहान भट्टीत सहज मावतात.

६. प्रत्येक पट्टीखाली मातीची उथळ ताटली ठेवा. फरशीला चिनी माती आणि ॲल्युमिना समभाग कालवून लेप द्या. ओघळले तरी ताटली जाईल, फरशी वाचेल.

झिलई किती दाट असावी? नुसते ‘‘सायीसारखी’’ म्हणून भागत नाही. तुमची साय आणि शेजारणीची साय वेगळी. १०० मिलिलिटर झिलई वजन करा. ती १४० ते १५० ग्रॅम भरली पाहिजे. पट्टी तीन मोजेपर्यंत बुडवून काढा. पहिल्या थराची ओली चमक गेली, हाताला लागेनासा झाला, की दुसरा द्या. फार वाळू दिला तर दुसऱ्या थराच्या ओलीने पहिला पोपडे धरून सुटतो.

हे सगळे वहीत लिहा. तारीख, वजन, किती मोजेपर्यंत बुडवले, भट्टीत कुठे ठेवले. वही नसेल तर सुंदर रंग आला तरी तो पुन्हा आणता येत नाही.

आपल्या मातीची आणि राखेची झिलई

खालच्या थरासाठी आम्ही बांधावरची गाळमाती घेतली. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला आलेला पूर तुम्हांला आठवत असेल. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. त्या पुराने शेताच्या कडेला बारीक गाळ आणून टाकला होता. तो पाण्यात कालवून निवू दिला, वरचे दाट पाणी कापडातून गाळून वाळवले. मात्र अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून जाणाऱ्या वालधुनीच्या काठची माती घेऊ नका. त्या नदीत कारखान्यांचे सांडपाणी गेलेले आहे, आणि जे मातीत आहे ते झिलईत उतरते.

घरच्या विजेच्या भट्टीत १२२० अंशांपर्यंत काम करायचे असेल, तर नुसती गाळमाती पुरी वितळेलच असे नाही. तिच्यात बोरॉनचे फ्रिट, म्हणजे टाकणखारासह आधीच वितळवून दळलेली काच, मिसळून पाहा. गाळमाती १००, ९०, ८०, ७०, ६० भाग आणि फ्रिट ०, १०, २०, ३०, ४० भाग, अशा पाच पट्ट्या करा. जी सारखी वितळली, चमकली, पण ओघळली नाही, ती तुमची.

वरच्या थरासाठी तुसाची राख. जुनी जपानी मांडणी सोपी आहे : तुसाची राख, लाकडाची राख आणि फेल्डस्पार समभाग. ती १२८० अंशांच्या आसपासच्या आचेसाठी आहे. १२२० साठी लाकडाच्या राखेच्या जागी थोडे थोडे फ्रिट घालत वरच्यासारख्याच पाच पट्ट्या करा. काळ्या थरावर ही पांढरी झिलई गेली, की खालचे लोह वर चढते आणि दुधाळ, निळसर किंवा मधाच्या रंगाच्या धारा पडतात.

तूस जाळताना ते काळ्यावरून करडे-पांढरे होऊ द्या. राख वस्त्रगाळ करा. फर्निचर बाजारातून मिळणाऱ्या प्लायवूडच्या तुकड्यांची राख नको. त्यात डिंक आणि रंग असतो. आंबा, जांभूळ, बाभूळ, जे स्वच्छ लाकूड चुलीत जाते त्याचीच राख घ्या. आणि कोरडी राख हाताळताना नाका-तोंडावर चांगला मास्क हवाच. नुसता पदर पुरत नाही. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली तर पुन्हा बाहेर येत नाही. लाकडाची राख पाण्यात खारट-दाहक होते, म्हणून हातमोजे घाला.

भट्टीची आच

कोरी भाजणी हळू करा. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते, की वरून वाळलेले भांडे आतून ओले असते, आणि शंभर अंशांवर त्या ओलीची वाफ होऊन भांडे फुटते. जून ते सप्टेंबर कुंभाराचे चाक का थांबते, ते यावरून समजा. भांडे गालाला लावून पाहा. थंड लागले तर ते ओले आहे. ९० अंशांवर झाकण किंचित उघडे ठेवून दोन-तीन तास थांबा, मग ६०० पर्यंत ताशी ६० ते ८० अंश, पुढे १००० पर्यंत ताशी १२० ते १५०. ५७३ अंशांना मातीतल्या गारेचा आकार एकदम बदलतो, तिथे घाई केली तर तडा जातो.

झिलईच्या भाजणीत शेवटचे १०० अंश ताशी ६० च्या गतीने न्या आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटे आच स्थिर ठेवा. नुसत्या आकड्यावर विसंबू नका, शंकू वापरा. शंकू ठरावीक आचेला वाकतो, पण ती आच किती वेळ मिळाली तेही तो धरतो. पीक पक्व होण्यास जसे एका दिवसाचे तापमान नव्हे, तर साठलेली उष्णता लागते, तसेच हे आहे. भट्टी १०० अंशांखाली येईपर्यंत उघडू नका. उतावळेपणाने उघडलेल्या भट्टीतून आम्ही एकदा चिरलेली परात काढली आहे.

विजेचे म्हणाल, तर ६ किलोवॅटची भट्टी एका फेजवर सुमारे २६ ॲम्पिअर ओढते. ती घरच्या साध्या प्लगला लावली तर तारा जळतील. आधी मंजूर भार वाढवून घ्या. स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. भट्टी भिंतीपासून दूर, हवेशीर जागी असावी आणि भाजणी चालू असताना लहान मुले तिथे नसावीत.

आता मुद्द्याचे : बरणीच्या आत काय?

संत गोरोबाकाका थापटी मारून मडके कच्चे की पक्के ते ओळखीत, अशी कथा आपण ऐकली आहे. आपल्या बरणीलाही अशा थापट्या मारायच्या आहेत.

पहिली थापटी आंबटाची. झिलईच्या तुकड्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. रंग किंवा चमक बदलली, तर ती झिलई अन्नाला नको. बदलली नाही, तरी ती पास झाली असे नव्हे; पुढच्या परीक्षेला बसण्यास योग्य ठरली, एवढेच.

दुसरी थापटी तड्यांची. तुकडा तीन मिनिटे उकळत्या पाण्यात, मग लगेच बर्फाच्या पाण्यात, असे तीनदा करा. नंतर शाई चोळून पुसा. जाळीसारख्या रेघा उमटल्या, तर त्या फटींत खार आणि बुरशी घर करतील.

तिसरी थापटी पाणी पिण्याची. झिलई न दिलेला, पण झिलईच्या आचेला भाजलेला तुकडा वजन करा, दोन तास उकळा, पुसून पुन्हा वजन करा. ५०० ग्रॅमचा ५१० च्या आत राहिला पाहिजे, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. जास्त पीत असेल, तर खार झिरपून बरणीबाहेर पांढरे मीठ फुटेल.

चौथी आणि खरी थापटी प्रयोगशाळेची. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत भांड्यात ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवून त्यात शिसे आणि कॅडमियम किती उतरले ते मोजतात. विकायचे असेल, तर हा खर्च टाळू नका.

आणि शिशाविषयी एक गोष्ट अगदी ठामपणे सांगतो. शेंदूर हा शिशाचाच प्रकार. तो घातला की झिलई कमी आचेत लवकर वितळते आणि सुरेख चमकते, म्हणून कुणी सुचवील. ऐकू नका. शिशाची झिलई चांगली दिसते, रात्रभराच्या लिंबालाही कधी दाद देत नाही, आणि तरी आंबटात शिसे सोडत राहते. मेक्सिकोमध्ये अशा भांड्यांतून घरोघरी मुलांच्या रक्तात शिसे गेलेले आढळले आहे. लहान मुलाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. शिसे, कॅडमियम आणि बेरियमचे पदार्थ घरात आणूच नका.

आमच्या घरी आता एक नियम आहे. थर, धारा, हिरवे-निळे काय करायचे ते बरणीच्या बाहेरून, आणि तेही तोंडाच्या कडेपासून दोन बोटे खाली. आत फक्त एकच साधी, पारदर्शक, रंगद्रव्य नसलेली, तपासून घेतलेली झिलई. हिरवी झिलई मुलगी आजही करते, पण ती फुलदाणीला आणि कुंडीला. रंग वाया गेला नाही, तो त्याच्या जागी गेला.

गेल्या चैत्रात आम्ही ताईला नवी बरणी नेऊन दिली. बाहेरून काळ्या गाळमातीवर तुसाच्या राखेच्या दुधाळ धारा, आतून साधी. सोबत प्रयोगशाळेचा कागद होता. ताईने कागद बाजूला ठेवला, बरणीत आधी लिंबाची फोड घातली आणि म्हणाली, ‘‘उद्या सकाळी बघते, मग कैऱ्या चिरते.’’ मला राग आला नाही. उलट, इतकी वर्षे गावोगावी जे सांगतो ते निदान घरात तरी कुणी ऐकले, याचे समाधान वाटले.

सकाळी फोड जशीच्या तशी, आतली झिलईही तशीच. मग ताईने विळी मांडली.

भगिनींनो, हे काम करायचे असेल तर जरूर करा. तूस तुमचे, राख तुमची, माती तुमची. फक्त भांडे दुसऱ्याच्या घरी देण्याआधी त्यात एक रात्र लिंबाची फोड ठेवा.